मे महिन्यात गेम अडकतो, ऑगस्टात नीट चालतो: मग ग्राफिक्स कार्ड बदलायचं का?

एप्रिल उजाडला की आमच्या तालुक्याच्या गावात एकच तक्रार घेऊन पोट्टे येतात. "दादा, गेम अडकून अडकून चालून राह्यला. कार्ड जुनं झालं, आता नवं घ्याच लागते." पाऊस पडला की हेच पोट्टे दिसेनासे होतात, कारण गेम पुन्हा बरा चालतो. मग कापूस घरात आला की डिसेंबर-जानेवारीत तक्रारींची दुसरी लाट येते. कार्ड जुनं झालं असतं तर ते बाराही महिने जुनंच राहिलं असतं. ऋतूप्रमाणे येणारा-जाणारा त्रास बहुतेक वेळा कार्डाच्या ताकदीचा नसतो. तो हवेचा, धुळीचा, नाहीतर विजेच्या लाइनीचा असतो.

आणि तरीही काही वेळा कार्ड खरंच बदलावं लागतं. हा फरक कसा ओळखायचा ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे कार्डाची रक्कम म्हणजे बियाण्या-खताचा हिशोब बिघडवणारी रक्कम आहे. पोराच्या हट्टापायी बापानं उधारी करून कार्ड आणलं आणि गेम तसाच अडकला, हे पाहवत नाही.

आधी "लॅग" कोणता ते पाहा

सगळ्या त्रासाला आपण लॅग म्हणतो आणि तिथंच अर्धी फसगत होते. व्हॅलोरंट किंवा सीएस २ सारखा ऑनलाइन गेम खेळताना समोरचा खेळाडू एकदम इथून तिथं उडी मारतो, गोळी लागूनही लागत नाही, पण तुमचा माऊस फिरवला की चित्र मात्र लोण्यासारखं फिरतं: हा नेटचा त्रास आहे. संध्याकाळी गावातले सगळे मोबाइल एकाच टॉवरवर लागले की पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) दीडशे-दोनशेवर जातो. जगातलं सगळ्यात महाग कार्ड लावलं तरी तो कमी होणार नाही. फायबर आलं असेल तर लॅन केबल थेट पीसीला लावा, वायफायवर खेळू नका.

चित्रच थांबत-थांबत फिरत असेल, तर मामला पीसीच्या आतला. आणि गेम लोड होताना पीसी खटकन बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर तो तिसराच प्रकार आहे, त्याकडे पुढं येतो.

आतला मामला डोळ्यांनी कळत नाही, आकडे लागतात. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, ते खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, तापमान, कोअर क्लॉक (त्या चिपचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) आणि सीपीयूच्या (पीसीच्या प्रोसेसरच्या) प्रत्येक कोअरचा वापर वेगवेगळा, एवढं चालू करा. कोअर वेगवेगळे पाहायचे, कारण एकूण सीपीयू ४० टक्के दिसत असताना एक कोअर शंभरावर अडकलेला असू शकतो, आणि गेम त्या एकासाठीच थांबलेला असतो.

उन्हाचं गणित

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जाणं नवीन नाही. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ वर गेला होता. टिनाच्या छताखालची खोली कूलर लावूनही दुपारी चाळिशीच्या आसपास असते. कार्डाचा पंखा बर्फ तयार करत नाही, तो खोलीतलीच हवा कार्डावर फेकतो. म्हणून डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ७० वर चालत होतं, तेच मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत, तोच गेम, तेच सेटिंग, तोच पंख्याचा वेग असताना ८५ च्या आसपास जाऊ पाहतं.

जाऊ पाहतं म्हणतो, कारण कार्ड स्वतःला तिथं जाऊ देत नाही. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत साधारण ८३ अंशांची सीमा कंपनीकडूनच घातलेली असते. ती जवळ आली की कार्ड आपला क्लॉक खाली आणतं. क्लॉक उतरला की एफपीएस उतरतो. हे बिघडणं नाही, कार्ड स्वतःचा जीव वाचवतं. आफ्टरबर्नरमध्ये हे स्वच्छ दिसतं: गेम सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं क्लॉक १८०० मेगाहर्ट्झच्या वर, मग तापमान चढत जातं, क्लॉक पायरीपायरीनं १६००, १५०० वर येतो आणि एफपीएस त्याच्या मागोमाग. असा आलेख दिसला की कार्ड विकायचा विचार तिथंच थांबवा.

इथं दोन उपाय आहेत, दोन्ही फुकट. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेम लिमिट ६० टाका. मॉनिटर दाखवू शकत नाही ते जास्तीचे फ्रेम काढण्यासाठी कार्ड उगाच तापत असतं. दुसरं, आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांपर्यंत आणा. एफपीएस थोडासाच कमी होतो, पण तापमान चांगलं उतरतं आणि अडकणं थांबतं. सतत ५५ एफपीएस मिळणं हे कधी ७०, कधी ३० पेक्षा खेळायला किती तरी चांगलं. माझ्या मते उन्हाळ्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

कूलरबद्दल. पीसी कूलरच्या तोंडासमोर ठेवायचा मोह होतो, पण ठेवू नका. कूलरची हवा गार असते आणि ओलीही असते. त्या ओलीनं आतली धूळ चिकट होते, मग ती ब्रशनंही निघत नाही. टाकीतलं पाणी खारं असेल तर उडालेल्या थेंबांचे पांढरे डाग केबिनेटवर दिसतात, तेच आत बोर्डावरही बसतात. पीसी त्याच खोलीत पण झोताच्या बाजूला ठेवा, जमिनीवर न ठेवता टेबलावर, मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडून. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवंच. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा भरतो.

कापसाची रुई

हा त्रास पुण्या-मुंबईच्या व्हिडिओवाल्यांना माहीत नाही, म्हणून यावर कुणी बोलत नाही. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला असतो, कधी पीसीच्याच खोलीत, कधी शेजारच्या. त्याचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. जिनिंगजवळ घर असेल तर विचारूच नका.

साधी धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते, ती दिसते, पोरं ती फडक्यानं पुसून टाकतात. रुई तशी बसत नाही. ती पात्यांमधून आत ओढली जाते आणि पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पत्र्यांच्या तोंडावर अडकते. तिच्यावर धूळ, धुळीवर पुन्हा रुई. वरून पाहिलं तर कार्ड स्वच्छ दिसतं, पंखाही जोरात फिरतो. पंख्याचा कव्हर खोलला की खाली राखाडी थर निघतो, चिमटीत धरून उचलला की सलग पट्टीसारखा वर येतो. त्याच्याखालचे पत्रे नव्यासारखे चकचकीत असतात, कारण तिथं कित्येक महिने हवाच पोचलेली नसते. ओळखायची खूण अशी: पंख्याचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा, तापमान पूर्वीपेक्षा जास्त, आणि कार्डाच्या मागून गरम हवा जवळजवळ येतच नाही.

साफ करताना घाई नको. पीसी बंद करून वायर काढा, कार्ड स्लॉटचा खटका दाबून बाहेर घ्या. रंगकामाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश वापरा. पंखा बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरानं तो भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका, तिच्यात पाणी आणि तेलाचे थेंब असतात आणि दाबही फार असतो. हातातला छोटा ब्लोअर पुरतो. कव्हर खोलायचा असेल तर आधी वॉरंटी पाहा, कारण काही कार्डांच्या स्क्रूवर स्टिकर असतं आणि ते फाटलं की सर्व्हिस सेंटरवाले वाद घालतात. वॉरंटी संपलेली असेल आणि कार्ड चार-पाच वर्षांचं असेल, तर त्याच वेळी चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलून घ्या. वाळून खडू झालेली पेस्ट उष्णता पुढं जाऊ देत नाही. पण मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे नवे लागतात, म्हणून पहिल्यांदा करत असाल तर माहितगार माणसाला सोबत घ्या.

कापूस घरात असेपर्यंत महिन्यातून एकदा, एरवी एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोनदा. केबिनेटच्या समोरच्या जाळीवर नायलॉनची मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून लावली तरी पुष्कळ रुई बाहेरच अडते. ती जाळी मात्र दर आठवड्याला झटका, नाहीतर तिनंच हवा कोंडेल.

लाइनीचा खेळ

आता तो तिसरा प्रकार: गेम रंगात आला की पीसी एकदम बंद. संध्याकाळी सातनंतर हमखास, सकाळी कधीच नाही. गावातले सगळे कूलर, टीव्ही आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो आणि व्होल्टेज १८० च्या खाली उतरतं. चांगला पॉवर सप्लाय १०० पासून २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. केबिनेटसोबत फुकट आलेला, वर "५०० वॉट" लिहिलेला हलका डबा मात्र तेवढा दम धरत नाही. कार्डानं एकदम जास्त वीज मागितली की तो मान टाकतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसते. तिचा अर्थ पीसी नीट बंद न होता वीज तुटली एवढाच, कार्ड खराब असा नाही.

यूपीएसही तपासा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि गेमिंग पीसी मॉनिटरसह त्याच्या जवळ गेला की लाइन जाताक्षणी तो बॅटरीवर यायच्या ऐवजी सुटतो. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही चांगले पॉवर सप्लाय नीट चालत नाहीत, त्यांना साइन वेव्ह लागते. आणि केबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग करून घ्या. तिथं कार्डाचा विषयच काढू नका, तो जिवाचा प्रश्न आहे.

आता खरी परीक्षा

साफसफाई झाली, व्होल्टेज ठीक आहे, नेट बाजूला काढलं. आता एक गेम, त्यातली एकच जागा, एकच सेटिंग घ्या. जीटीए ५ मध्ये बेंचमार्क (वेग मोजायची ठरलेली चाचणी) आतच दिलेला आहे, तो उत्तम. पहाटे गारव्यात एकदा चालवा, दुपारी तीनला एकदा. दोन्ही वेळचा सरासरी एफपीएस, एक टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस), तापमान आणि क्लॉक कागदावर लिहा. पहाटे चांगला आणि दुपारी वाईट असेल तर अजून उष्णताच आडवी येते आहे. दोन्ही वेळा सारखाच वाईट असेल तर पुढं चला.

रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस भरपूर वाढला, तर कार्डच कमी पडत होतं. जागचा हलला नाही, तर कार्ड मोकळं बसलंय आणि सीपीयू दमलाय. बैलजोडीतला एक बैल मागं राहिला की दुसरा कितीही तगडा आणला तरी नांगर त्या मागच्याच्याच चालीनं चालतो. आपल्या भागात ऑफिसातून निघालेले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय५ पीसी फार आहेत. त्यांत चार कोअर असतात, आणि आजचे मोठे गेम त्या चारांनाच घाम फोडतात.

रॅमही पाहा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी ८ जीबी टाकून जोडी करा. एकूण १६ जीबी आणि ड्युअल चॅनेल झालं की एक टक्का लो सुधारतो, म्हणजे मधूनमधून बसणारे झटके कमी होतात. हा खर्च कार्डाच्या मानानं फार कमी आहे आणि बरेचदा हाच पुरतो. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा.

व्हीरॅमचा झटका वेगळा ओळखू येतो. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० वर ४ जीबी असते. ती काठोकाठ भरली की नवीन भागात शिरताना चित्र क्षणभर गोठतं, भिंतींचे पोत धूसर दिसून मग उमटतात. टेक्श्चर एक पायरी खाली आणून पाहा. गेममध्ये एफएसआर (चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करायची सोय) असेल तर ते चालू करा, जुन्या जीटीएक्स कार्डांवरही ते चालतं. एनव्हिडियाच्या तशाच डीएलएसएसला मात्र आरटीएक्स मालिकेचं कार्डच लागतं.

कार्ड बदलायची वेळ आली, हे कशावरून?

माझं मत स्पष्ट आहे. कार्ड स्वच्छ, तापमान पंचाहत्तरीच्या आत, क्लॉक पूर्ण, जीपीयूचा वापर सतत ९७-९९ टक्के, सेटिंग मध्यम किंवा खालचं, आणि तरीही तुम्ही रोज खेळता तो गेम ४० च्या वर जात नाही: तेव्हाच कार्ड बदला. "रोज खेळता तो" हे महत्त्वाचं. यूट्यूबवर पाहिलेल्या, अजून न घेतलेल्या गेमसाठी आज पैसे घालू नका.

दुसरं कारण कार्ड मरत असल्याचं. रंगीत चौकोन, उभ्या रेषा, आणि त्या विंडोज सुरू व्हायच्या आधी बायोसमध्येही दिसतात, केबल बदलूनही जात नाहीत. अशा कार्डावर भट्टीत भाजण्याचे वगैरे प्रयोग करू नका, ते टिकत नाहीत.

तिसरं कारण कंपनीच्या आधाराचं. एनव्हिडियानं जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाहीला मिळतील. म्हणजे १०५० टीआय किंवा १०६० वर जुने गेम उद्याही चालतील, घाबरून विकायची गरज नाही. पण डूम: द डार्क एजेससारख्या काही नव्या गेमना रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढायचं) हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं. तिथं सेटिंग कमी करून उपयोग नाही. असे गेम खेळायचेच असतील, तर बदलाला पर्याय नाही.

आणि कधी घ्यायचं? मे-जूनमध्ये नको. तेव्हा घरात पेरणीची आणि शाळेच्या प्रवेशाची ओढ असते, आणि त्याच दिवसांत पीसी सगळ्यात वाईट चालतो, म्हणून निर्णयही चुकतो. मे महिन्यात आकडे लिहून ठेवा, पावसाळ्यात पुन्हा मोजा. दोन्हींत कार्डच दोषी निघालं तर दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा. सोयाबीनचे पैसेही तेव्हाच हातात आलेले असतात.

घेताना पीसीचं माप घ्या

ऑफिसवाल्या जुन्या पीसीत पॉवर सप्लाय बहुधा २४० ते ३०० वॉटचा, तोही त्याच कंपनीच्या वेगळ्या मापाचा, आणि कार्डासाठी सहा पिनांची वायरच नाही. अशा पीसीला स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड हवं. जीटीएक्स १६५० चे अनेक मॉडेल ७५ वॉटमध्ये असेच चालतात. त्याहून चांगलं म्हणजे २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल, ७० वॉटचं. केबिनेट सडपातळ असेल तर लो-प्रोफाइल म्हणजे बुटकं कार्डच मागा, अख्खं कार्ड बसणार नाही.

एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं म्हणून उचलू नका. ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं आणि पीसीआय ३.० वाल्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग बराच पडतो. इंटेलचं बी५८० हे १२ जीबीचं कार्ड आकर्षक आहे, पण त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला नवा बोर्ड लागतो, चौथ्या पिढीच्या आय५ वर ते वाया जाईल. बोर्ड नवा आणि पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा ४५०-५५० वॉटचा असेल, तर ११५ वॉटचं आरटीएक्स ४०६० किंवा १३२ वॉटचं आरएक्स ६६०० आपल्या उन्हाला मानवतं. जितके वॉट कमी, तितकी खोलीत ओतली जाणारी उष्णता कमी. आपल्याकडे कार्ड निवडताना हा आकडा मी एफपीएसच्या बरोबरीनं धरतो. जुनं आरएक्स ५८० स्वस्तात मिळतं, पण ते १८५ वॉट खातं. टिनाच्या खोलीत मे महिन्यात ते शेगडीच आहे.

सेकंडहँड घेत असाल तर चालू पीसीवर लावून, अर्धा तास गेम चालवून, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडूनच पैसे द्या. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये फेरफार करून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात आहेत, जीपीयू-झेड बऱ्याचदा अशा कार्डांना खोटं म्हणून दाखवतं. आरएक्स ५८० च्या नावापुढं २०४८एसपी लिहिलेलं असेल तर ते प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचं असतं, किंमतही तशीच द्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं, तेव्हापासून रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं विक्रीला आली. ती सगळीच वाईट नसतात, पण पंखे आणि पेस्ट बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

नवं घ्यायला नागपूरच्या सिताबर्डीला गेलात तर पक्कं बिल घ्या आणि बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी दुकानातच जुळवून पाहा. वॉरंटीचं काम नागपूरला होतं की कार्ड मुंबईला पाठवावं लागतं, तेही विचारा. घरी आल्यावर डीडीयू नावाचं सॉफ्टवेअर चालवून जुना ड्रायव्हर साफ काढा, मग नवा टाका. पहिल्याच आठवड्यात भर दुपारी कूलर बंद ठेवून एक तास गेम चालवा आणि तेच जुने आकडे पुन्हा लिहा. बदलून मिळण्याची मुदत असेपर्यंतच काय ते कळलेलं बरं. खोका आणि आतला फोम फेकू नका, वॉरंटीत पाठवताना तोच लागतो.